यादीत दारू नव्हती

झाशीहून मी पुन्हा तुमच्यासमोर. गेल्या काही भागांत आपण किल्ले पाहिले, लढाया पाहिल्या, १८५७ च्या तोफांपाशी तर जरा जास्तच रेंगाळलो. आजचा विषय वेगळा आहे: मोटारीचा विमा. त्यातही एकच प्रश्न. गाडी चालवणारा दारू प्यायलेला होता आणि त्याने कुणाला उडवलं, तर विमा कंपनी पैसे देते का?

चार माणसांना विचारून बघा. दोघे छातीठोकपणे सांगतील, "दारू म्हटलं की विमा गेला." उरलेले दोघे म्हणतील, "छे, थर्ड पार्टीला मिळतंच." दोन्ही उत्तरं अर्धी बरोबर आहेत. ती अर्धी का, हे समजायला दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं. म्हणून हा इतिहासाचाच भाग आहे. मी वकील नाही. फौजेत तोफखान्यात होतो, गाड्यांचे ताफे हलवण्यात अर्धी नोकरी गेली. निवृत्तीनंतर इथल्या माजी सैनिकांच्या घरच्यांना कागदपत्रं वाचून देतो, त्यातून हा विषय हाताला लागला.

आणि झाशीत तो हाताला लागणारच. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबरचा महामार्ग आणि पोरबंदरहून सिल्चरला जाणारा २७ नंबरचा, म्हणजे देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम कॉरिडॉर, एकमेकांना भेटतात ते इथे. नागपूरची संत्री दिल्लीला जातात ती याच रस्त्याने. रात्री अकरानंतर बायपासवर उभं राहिलं तर ट्रकांची रांग तुटत नाही. ढाबे आहेत, आणि ढाब्यांवर काय मिळतं हे मी सांगायला नको.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. गाडीची 'फुल' पॉलिसी म्हणतो तो कागद एक असतो, पण त्यात करार दोन असतात. एक तुमच्या गाडीच्या नुकसानीचा. हा तुमचा आणि कंपनीचा खाजगी सौदा. दुसरा थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीने ज्याचं नुकसान झालं त्या तिसऱ्या माणसाचा. हा सरकारने कायद्याने लादलेला. पहिल्या करारात दारूची अट आपल्याकडच्या छापील पॉलिसीत स्पष्ट आहे: मालक किंवा त्याच्या संमतीने चालवणारा माणूस दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल, तर गाडीच्या नुकसानीचे पैसे नाहीत. मालक-चालकाचा जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, त्यालाही हीच अट. इथे वाद फारसा नाही. खरी गोष्ट आहे दुसऱ्या कराराची.

सुरुवात करू १८५५ पासून. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये गेले, १८५४ मध्ये कंपनी सरकारने झाशी खालसा केली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी कलकत्त्याला १८५५ चा तेरावा कायदा झाला, प्राणांतिक अपघातांचा. त्याआधी इंग्रजी कायद्याचं तत्त्व असं होतं की माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मेला. पाय मोडला तर भरपाई मागता येई, जीव गेला तर नाही! इंग्लंडने १८४६ मध्ये हे बदललं, कारण तिकडे रेल्वे आली होती आणि माणसं मरत होती. नऊ वर्षांनी तोच कायदा इकडे आला. मृताची बायको, नवरा, आईबाप, मुलं यांना दोषी माणसाकडून भरपाई मागता येऊ लागली. ज्या सरकारने एका विधवेचं राज्य घेतलं, त्यानेच दुसऱ्या वर्षी विधवांना हा हक्क दिला. इतिहासात अशा गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या असतात, मी त्यातून काही अर्थ काढत नाही.

पण दिवाणी दावा म्हणजे कोर्ट फी, वकील, वर्षानुवर्षांच्या तारखा. आणि जिंकल्यावरही प्रश्न उरायचा: ज्याच्याविरुद्ध निकाल लागला त्याच्या खिशात काही आहे का?

आता इंग्लंडात जाऊ, कारण आपला मोटार कायदा तिकडून आला. तिथे १८७२ च्या दारू परवाना कायद्यात घोडा, गाडी, गुरं किंवा वाफेचं इंजिन दारू पिऊन हाकणं हा गुन्हा होता. १८९७ मध्ये लंडनच्या एका विजेच्या टॅक्सीवाल्याला दारू पिऊन गाडी घातल्याबद्दल दंड झाला, तो या प्रकारातला पहिला मोटारवाला मानतात. म्हणजे मोटार आणि बाटली यांची मैत्री मोटारीइतकीच जुनी.

मोटारीचा विमा तेव्हा ऐच्छिक होता. मग न्यायाधीशांसमोर एक अडचणीचा प्रश्न आला. कायद्याचं जुनं तत्त्व सांगतं की स्वतःच्या गुन्ह्यातून कुणी फायदा घेऊ नये. मग बेफाम किंवा दारू पिऊन गाडी चालवून माणूस मारला, सदोष मनुष्यवधाची शिक्षाही झाली, तर त्या माणसाला भरपाईपोटी द्यावे लागणारे पैसे विमा कंपनीने का भरावेत? १९२१ मध्ये वेगाने गाडी चालवणाऱ्याच्या एका खटल्यात आणि १९२७ मध्ये चक्क दारू प्यायलेल्याच्या खटल्यात तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं की कंपनीने भरावेत. विचार असा की त्याने माणूस मारायचा म्हणून मारला नाही, हलगर्जीपणा केला, आणि हलगर्जीपणासाठीच तर विमा असतो. मला हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा रुचला नव्हता. आमच्या आर्मी ॲक्टच्या ४८ व्या कलमाखाली नुसतं नशेत सापडणं, ड्यूटीवर असो वा नसो, कोर्ट मार्शलचा गुन्हा आहे. अधिकारी असेल तर बडतर्फीपर्यंत. अशा शिस्तीत वाढलेल्याला 'प्यायला तरी विमा' हे पचायला वेळ लागतो. पण त्या निकालातला फायदा शेवटी मेलेल्याच्या घरी जात होता, प्यायलेल्याच्या नाही.

१९३० साली ब्रिटनमध्ये रस्त्यावर सात हजारांहून जास्त माणसं मेली, आणि त्याच वर्षी तिथे थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. कंपन्यांनी लगेच पळवाट शोधली: पॉलिसीत अटींची रांग लावायची. चालक अमुक वयाचा हवा, गाडी अमुक स्थितीत हवी, अमुक वेळेत चालवलेली हवी. अट मोडली की पैसे नाहीत. मग १९३४ मध्ये संसदेने उलट यादी केली. चालकाचं वय, त्याची शारीरिक किंवा मानसिक स्थिती, गाडीची अवस्था, प्रवाशांची संख्या, वेळ, ठिकाण, अशा कारणांवरून तिसऱ्या माणसाचे पैसे अडवता येणार नाहीत. दारूची धुंदी ही शेवटी शारीरिक-मानसिक स्थितीच की.

आता आपल्याकडे. १९१४ चा मोटार कायदा होता, पण त्यात नोंदणी, परवाना, वेग एवढंच. विम्याचा शब्द नाही. १९३६-३७ मध्ये मोटार विम्यावर एक समिती बसली, आणि १९३९ च्या नव्या मोटार वाहन कायद्यात आठवं प्रकरण आलं, सक्तीच्या विम्याचं. मध्ये महायुद्ध पेटलं, ते प्रकरण लांबणीवर पडलं आणि १ जुलै १९४६ ला लागू झालं. आजच्या प्रश्नाचं मूळ या आठव्या प्रकरणातल्या ९६ व्या कलमात आहे. ते जरा सावकाश बघू.

इंग्रजांनी तिकडे 'ही कारणं चालणार नाहीत' अशी यादी केली होती. इकडे कायदा करणाऱ्यांनी ते उलटवलं. 'फक्त ही कारणं चालतील' अशी यादी केली, आणि बाकी सगळ्या अटी तिसऱ्या माणसापुरत्या निष्प्रभ ठरवल्या. फौजेच्या भाषेत सांगायचं तर तिकडे गेटवर 'यांना आत सोडू नका' असा बोर्ड होता, इकडे 'फक्त यांनाच आत सोडा' असा. दुसरा बोर्ड जास्त कडक असतो, हे कुठलाही संत्री सांगेल.

यादीत काय होतं? परमिट नसताना गाडी भाड्याने चालवणं, शर्यतीत उतरवणं, पॉलिसीत नावानिशी वगळलेल्या माणसाने चालवणं, लायसन्स नसलेल्याने किंवा ते रद्द असलेल्याने चालवणं, युद्ध आणि दंगल, आणि पॉलिसी घेताना खोटी माहिती देणं. थोड्याफार फरकाने एवढंच.

यादीत दारू नव्हती.

ती राहून गेली होती असं समजू नका. त्याच १९३९ च्या कायद्यात ११७ व्या कलमाने दारू पिऊन गाडी चालवणं गुन्हा ठरवलं होतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दारू होती. शिक्षेच्या प्रकरणात तिला जागा दिली, विम्याच्या प्रकरणात दिली नाही. प्यायलेल्याला तुरुंगात पाठवा, पण त्याच्या गाडीखाली आलेल्याचे पैसे अडवू नका, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

पुढे १९५६ च्या दुरुस्तीने क्लेम ट्रिब्युनल, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं, नेमायची सोय झाली. दिवाणी कोर्टाची फी आणि पसारा टळला. तुमच्या जिल्ह्याच्या कोर्टात आज जे ट्रिब्युनल बसतं ते तेव्हाचं.

आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक खटला आला, ज्यात समोरच्या बाजूला एका फौजी माणसाचं नाव आहे: कॅप्टन इतबार सिंग. अपील विमा कंपनीचं होतं. कंपनीचं म्हणणं असं की आम्हाला दाव्यात पक्षकार केलंय ना, मग इतर कुठल्याही पक्षकाराप्रमाणे आम्ही हवा तो बचाव मांडू. न्यायालयाने सांगितलं, नाही. ९६ व्या कलमाच्या यादीत आहे तेवढाच बचाव तुमचा. यादी बंद आहे. कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल शिकतात, आणि इतबार या शब्दाचा अर्थ विश्वास, हा निव्वळ योगायोग मला आवडतो.

इथे थोडं विषयांतर, कारण तुमच्यातले फौजी विचारणारच: आपल्या थ्री-टनरचं काय? सरकारी कामावरच्या सरकारी गाड्यांना सक्तीच्या विम्यातून सूट आहे. मिलिटरीच्या गाडीला पॉलिसीच नसते, दावा थेट भारत सरकारवर लावायचा. पूर्वी सरकार तिथे म्हणायचं की सैन्य हे राजसत्तेचं काम, त्यात झालेल्या चुकीला आम्ही जबाबदार नाही. साठच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. लष्करी वर्कशॉपमधून तोफखाना शाळेकडे एक यंत्र घेऊन जाणाऱ्या ट्रकने एका सायकलस्वाराला चिरडलं होतं. न्यायालयाने सरकारचा तो बचाव मानला नाही. यंत्र पोचवणं हे कुणीही वाहतूकदार करू शकेल असं काम, त्याला राजसत्तेचं कवच कशाला? तोफखाना शाळा म्हणजे आमची देवळालीची. तिथल्या एमटी पार्कमध्ये सकाळी गाडी निघण्याआधी ड्रायव्हरला समोर उभं करून त्याच्याशी दोन वाक्यं बोलायची पद्धत आहे. सूचना द्यायच्या हे वरवरचं कारण. खरं कारण वास घ्यायचा.

असो. यादीकडे परत येऊ. यादीत जे होतं त्यावरही न्यायालयांनी पुढे लगाम घातला. १९८७ चा स्कँडिया कंपनीचा निकाल बघा. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून समोरच्या दुकानातून खायला आणायला उतरला. मागे क्लीनर, त्याच्याकडे लायसन्स नाही. त्याने ट्रक हलवला आणि माणूस मेला. लायसन्स नसलेला चालक तर यादीत होता, मग कंपनी सुटायला हवी. न्यायालयाने सोडलं नाही. मालकाने लायसन्सवाला ड्रायव्हर नेमला होता, त्याच्याकडून अट मुद्दाम मोडली गेली नाही. आणि सक्तीचा विमा हा मालकाच्या सोयीसाठी नसून रस्त्यावरच्या माणसासाठी आहे, असं त्या निकालाचं सार.

दरम्यान १९८८ चा नवा कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला. ९६ व्या कलमाचं १४९ झालं, ११७ चं १८५. दारूची मोजमापंही बदलली. मूळ १८५ मध्ये रक्तात थोडीही दारू चालणार नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आली, तीच आज आहे. पण विम्याच्या यादीत दारू तेव्हाही शिरली नाही.

५ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी स्वर्णसिंग प्रकरणात सगळा हिशेब एकत्र मांडला. अट मोडली हे कंपनीने सिद्ध करायचं, नुसतं म्हणून भागणार नाही. चालकाने मोडली एवढंही पुरे नाही, मालकाचा त्यात दोष आहे हे दाखवायला हवं. आणि ते सिद्ध झालं, तरी ट्रिब्युनल कंपनीला सांगू शकतं की आधी मेलेल्याच्या घरी पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर. वकील मंडळी याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. आधी भर, मग भांड.

हे ऐकायला कोरडं वाटतं, म्हणून एक रात्र आठवू. १२ नोव्हेंबर २००६, मुंबईत वांद्र्याचा कार्टर रोड. पहाटे एक मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात ठार, आठ जखमी. रस्त्याच्या कामावरची माणसं होती ती. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के दारू निघाली, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या पावणेचारपट. सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. वर्तमानपत्रांनी तीन वर्षं पुरेशी की अपुरी यावर रकाने भरले. पण मजुराच्या बायकोचा प्रश्न निराळा असतो. तीन वर्षं असोत की दहा, तिच्या चुलीवर त्यातलं काही शिजत नाही. तिच्या दृष्टीने महत्त्वाचं कलम १८५ नाही, १४९.

आणि गाडीवाल्याच्या स्वतःच्या नुकसानीचं काय होतं, त्याचंही उदाहरण देतो. डिसेंबर २००७, दिल्ली, इंडिया गेटचा परिसर, मध्यरात्रीनंतर. एक पोर्शे फुटपाथला धडकली, उलटली, पेटली. हॉस्पिटलच्या कागदावर चालकाला दारूचा वास येत असल्याची नोंद होती. रक्ताची तपासणी नाही, फुंकायला लावलेलं नाही. कंपनीने गाडीचे पैसे नाकारले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मालकाची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ती फिरवली. ३० मिलिग्रॅमचा आकडा हा फौजदारी गुन्ह्यासाठी आहे. पॉलिसीत 'अमलाखाली' असं म्हटलंय, आणि रिकाम्या रस्त्यावर गाडी अशी उलटते, वर वास येतो, तर अनुमान काढता येतं, असा तो विचार. न्यायमूर्ती के. एम. जोसेफ, आपले उदय लळित आणि इंदिरा बॅनर्जी यांचं ते पीठ. स्वतःच्या गाडीबाबत नुसता वास आणि परिस्थिती पुरते, हे लक्षात ठेवा. थोड्या वेळाने लागेल.

आता आजच्या काळात येऊ. २०१९ मध्ये मोटार कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. लोकांच्या लक्षात राहिले ते दंड. दारू पिऊन चालवल्याचा पहिला दंड दोन हजारांवरून दहा हजार, दुसऱ्यांदा पंधरा हजार. चौकाचौकात त्याचीच चर्चा. पण त्याच दुरुस्तीने विम्याचं प्रकरण मुळापासून नवं लिहिलं, आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. १४९ चं आता १५० झालं आहे. त्याच्या यादीत लायसन्स नसलेल्या चालकाच्या शेजारी एक नवा पाहुणा बसला आहे: कलम १८५ मध्ये सांगितल्याप्रमाणे दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली चालवणं. १ जुलै १९४६ ते ३१ मार्च २०२२, पाऊणशे वर्षं जी दारू यादीबाहेर उभी होती ती आत आली. यावर कुणी मोर्चा काढला नाही. टीव्हीवर चर्चा झाली नाही. मला तरी दिसली नाही.

एवढंच असतं तर एक वेळ ठीक. जुन्या १४९ व्या कलमात, कंपनीने भरलेले पैसे मालकाकडून वसूल करण्याची जी वाक्यं होती, ज्यांच्या आधारे 'आधी भर, मग भांड' उभं होतं, ती नव्या १५० मध्ये तशी उरलेली नाहीत. मग कंपन्यांचे वकील म्हणणार की वसुलीचा रस्ताच काढलाय, म्हणजे आम्ही आधी भरायचा प्रश्नही संपला. मेलेल्याच्या बाजूचे वकील म्हणणार की कलमाचं पहिलं वाक्य अजूनही कंपनीने निवाड्याची रक्कम द्यावी असंच सांगतं.

केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये एक निकाल दिला तो मोबाईलवर खूप फिरला. चालक प्यायलेला असला तरी कंपनीने तिसऱ्या माणसाला आधी द्यावं आणि नंतर चालक-मालकाकडून वसूल करावं. चांगला निकाल आहे. पण तो पाठवणाऱ्याने एक गोष्ट बघितली नव्हती: अपघात २०१३ चा होता. म्हणजे जुन्या यादीखालचा. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघाताला तो निकाल जसाच्या तसा लावता येईलच असं नाही.

हे मी कागदावरून सांगत नाही. आमच्या जुन्या युनिटचा एक हवालदार निवृत्तीनंतर बबीनाजवळच्या आपल्या गावी शेती बघत होता. २०२२ च्या थंडीत मोपेडवरून घरी येताना त्याला एका पिकअपने मागून उडवलं. चालक तिथेच सापडला, पोलिसांनी फुंकायला लावलं, आकडा मर्यादेच्या बराच वर. मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याचा समज होता की ड्रायव्हर प्यायलेला सापडला म्हणजे आपली केस भक्कम झाली. फौजदारी केस झालीच होती भक्कम. पण क्लेमच्या केसमध्ये कंपनीने, नाव सांगत नाही, आपल्या लेखी म्हणण्याला तोच फुंकल्याचा कागद जोडला होता. ज्या कागदाने ड्रायव्हर अडकला, त्याच कागदाने कंपनी सुटू बघत होती. भाभी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, तो न पिता उडवून गेला असता तर बरं झालं असतं का?" मी गप्प बसलो.

त्या केसमध्ये आमच्या वकिलाने जो मुद्दा मांडला तो मला पटतो. लायसन्सची अट १९३९ पासून यादीत होती. ती मोडल्याचं सिद्ध होऊनही न्यायालयांनी कंपन्यांना आधी भरायला लावलं, स्वर्णसिंग प्रकरण त्यावरच तर आहे. मग दारू आता त्याच रांगेत, त्याच वाक्यात, लायसन्सच्या शेजारी बसली असेल, तर तिला वेगळी वागणूक का? शिवाय मालकाचा दोष कुठे आहे? पिकअपचा मालक घरी झोपला होता. ट्रिब्युनलने कंपनीला रक्कम भरायला आणि मालकाकडून वसूल करायला सांगितलं. कंपनी अपिलात गेली आहे. काही रक्कम भाभींच्या नावे बँकेत मुदत ठेवीत आहे, तिचं व्याज मिळतं, बाकीचं प्रयागराजला अडकलंय. जुन्या यादीखाली हे अपील उभं राहणं फार अवघड होतं. हा फरक आहे १९४६ आणि २०२२ मधला.

नव्या कलमात एक बारकावा मात्र तिसऱ्या माणसाच्या बाजूचा आहे. त्यात 'कलम १८५ मध्ये सांगितल्याप्रमाणे' असे शब्द आहेत. म्हणजे पोर्शेच्या केससारखं वास आणि अनुमान इथे पुरायला नको. कंपनीने ३० मिलिग्रॅमचा आकडा दाखवायला हवा, फुंकणीचा किंवा प्रयोगशाळेचा. आणि आकडा मिळणं सोपं नसतं. १०० मिलिलीटर रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. पळून गेलेला चालक दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलासह हजर होतो तेव्हा रक्तात काय उरणार? २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण इंजिनियरांना उडवलं. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांनाही अटक झाली, ते तुम्ही वाचलं असेल. रक्ताच्या एका बाटलीवर काय काय टांगलेलं असतं, ते त्यावरून कळतं.

माझं मत विचाराल तर संसदेने दारूला चुकीच्या दाराने आत घेतलं. प्यायलेल्या चालकाची, आणि माहीत असून त्याला किल्ली देणाऱ्या मालकाची, पै न् पै वसूल करा. वसुलीचं कलम आणखी कडक करा. पण हप्ता मालकाने भरला, दारू ड्रायव्हरने प्याली, आणि पैसे अडले ते मोपेडवरच्या माणसाचे, हा हिशेब १९३९ च्या लोकांनी होऊ दिला नव्हता, आणि ते लोक काही आपल्यापेक्षा दयाळू नव्हते. कंपन्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. वसुलीचा निवाडा हातात येतो तेव्हा मालकाची गाडी फायनान्सवाल्याने ओढून नेलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं की वसुलीसाठी कंपनीने वेगळा दावा लावायची गरज नाही, त्याच निवाड्यावर अंमलबजावणी मागता येते. तरी दगडातून तेल निघत नाही.

जाता जाता दोन-तीन कामाच्या गोष्टी, कारण पत्रं त्याचीच येतात. घरातलं कुणी असं गेलं असेल तर आधी अपघाताची तारीख बघा, १ एप्रिल २०२२ च्या अलीकडची की पलीकडची. अर्जाला कायद्यात पुन्हा सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिच्यावरून वाद कोर्टात चालू आहे, पण तुम्ही त्या वादाची वाट बघू नका, सहा महिन्यांच्या आत अर्ज टाका. पोलिसांच्या कागदांत फुंकणीचा किंवा रक्ताचा अहवाल आहे का, आणि नमुना अपघातानंतर किती वाजता घेतला, हे वकिलाला पहिल्या भेटीत दाखवा. आणि चालकाबरोबर मालकालाही पक्षकार करा, त्याला सोडू नका.

आणि गाडी सापडलीच नाही, नंबरही मिळाला नाही, तर विमा कंपनीचा प्रश्नच येत नाही. मग 'हिट अँड रन'च्या सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. तिथे चालक प्यायला होता का, हे कुणी विचारत नाही.

पुढच्या भागात आपण परत किल्ल्यावर जाऊ. कडकबिजली तोफेबद्दल बरेच प्रश्न आले आहेत, ते घेऊ. जय हिंद.